आधी काय, मग काय : टर्बो गाडीची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो. म्हणाले, "तुला वीस मिनिटं देतो, तुझ्या धंद्याबद्दल बोल." मी म्हटलं, अरे, सकाळी आपले डॉक्टर बोलणार, प्रेसमधला मित्र नोटांबद्दल जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढं, म्हणजे काहीच न सांगता अर्धा तास बोलणार, त्यात माझं गॅरेज कुठे बसवता? तर म्हणाले, "तुझ्याकडे सगळ्यांची पोरं येतात. पोरांना तू काय सांगतोस ते आईबापांनाही कळू दे." म्हणून उभा आहे. तेलकट हात धुऊन आलोय, बाई, नखं तपासायची असतील तर तपासा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दहावीनंतर आयटीआय, मग अंबडच्या एका कारखान्यात डिझेल इंजेक्टरच्या चाचणीच्या बेंचवर चौदा वर्षं. नंतर सिन्नर फाट्याला स्वतःचं छोटं गॅरेज. तिथे साधी सर्व्हिसिंग होते, पण गेली आठ-दहा वर्षं टर्बो पेट्रोल गाड्या घेऊन येणारी पोरं वाढली आहेत. त्यांना सर्व्हिसिंग नको असतं, त्यांना गाडी 'बनवायची' असते. आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "काका, हिची पॉवर किती वाढेल?" पहिला प्रश्न हा नसावा, एवढंच मला आज सांगायचं आहे. पण का नसावा, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

आधी टर्बो म्हणजे काय ते, कारण वर्गातल्या निम्म्या लोकांना ते गाडीच्या मागे लावायचं स्टिकर वाटतं. विज्ञानाच्या बाईंनी एकदा सायकलचा पंप वर्गात आणला होता. नळीच्या तोंडावर बोट दाबून पंप मारायला लावला, आणि मग पंपाला हात लावून पाहायला सांगितलं. गरम. हवा दाबली की तापते. टर्बोची निम्मी विद्या त्या तासात झाली होती. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका छोट्या पंख्याला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. तो दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबलेली हवा तापलेली असते म्हणून तिला थंड करायला मध्ये इंटरकूलर असतो, रेडिएटरचाच भाऊ.

आपल्या नाशिकला याचा एक फायदा आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचावर राहतो, इथे हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ. साध्या पेट्रोल गाडीची ताकद इथे सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. टर्बोवाली मात्र पंखा थोडा जास्त फिरवून ती तूट भरून काढते. पण जास्त फिरवलं की हवा जास्त तापते. फुकट काही मिळत नाही, हे गणिताचे सर सांगायचे ते आठवतं, जरी ते माझ्या मार्कांबद्दल म्हणत असले तरी.

आता मूळ अडचण बघा. साध्या इंजिनाची ताकद वाढवायची तर पिस्टन, कॅमशाफ्ट, हेड, बरंच काही उघडावं लागतं आणि हाती फार थोडं लागतं. टर्बो इंजिनात तसं नाही. किती दाब द्यायचा, किती पेट्रोल, ठिणगी कधी टाकायची, हे सगळं गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये लिहिलेलं असतं. लॅपटॉप लावा, नवा मॅप भरा, तासाभरात वीस-तीस टक्के ताकद वाढते. पोरं त्याला 'स्टेज वन' म्हणतात. सगळ्यात जास्त मजा देणारं काम सगळ्यात सोपं आहे, म्हणून ते सगळ्यात आधी केलं जातं. आणि ते खरं तर शेवटून दुसरं यायला हवं. साध्या गाडीत हा क्रम चुकला तर पैसे वाया जातात. टर्बो गाडीत काय होतं, ते माझ्याच बाबतीत घडलेलं सांगतो.

२०१९ चा जुलै. माझ्याकडे एक जुनी टर्बो हॅचबॅक होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, माझा होता. घेऊन सहा महिने झाले होते. आल्या आल्या सायलेन्सर बदलला, मग एअर फिल्टर, मग पुण्याच्या एकाकडून मॅप भरून घेतला. गाडी अशी पळायची की उपनगरहून बिटकोपर्यंत सिग्नल मोकळा मिळावा म्हणून मी नवस बोललो असतो. मी स्वतः मेकॅनिक. लोकांच्या गाड्यांचं ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायला सांगणारा माणूस. माझ्या गाडीचं कधी बदललं होतं, हे मला माहीत नव्हतं, कारण घेतल्यापासून मी त्या झाकणाला हात लावला नव्हता.

मुलीला ठाण्याला सोडायला निघालो. बायको पुढे, मुलगी मागे, डिकीत तिचं होस्टेलचं सामान. घोटीपर्यंत रस्ता मोकळा, मी खूश. इगतपुरीच्या पुढे घाट लागला, धुकं आणि पाऊस. पुढे ट्रकांची रांग. मी जोरात जायचो, ब्रेक मारायचो, पुन्हा जोरात. पाच-सहा वळणं झाली असतील. पुढच्या वळणाला पाय दाबला तर पेडल मऊ लागलं, स्पंजसारखं. त्याच्या पुढच्या वळणाला ते खाली फरशीला टेकलं.

पंपिंग केलं, थोडं वर आलं. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं, मग हळूहळू हँडब्रेक ओढत राहिलो. गाडी थांबली तेव्हा पुढच्या ट्रकच्या मागे आणि आमच्या बॉनेटमध्ये माझा हात आडवा मावला नसता. ट्रकवाल्याला काही कळलंच नाही. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, आपण थांबलोय का कडेला?" तिला वाटलं मी मुद्दाम थांबवली. मी म्हटलं, हो. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मग अर्धा तास तिथेच बसलो, चाकांतून जळका वास येत होता, आणि ब्रेक थंड झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये कसाऱ्यापर्यंत उतरलो.

तुम्हाला माहीत आहे, माझे वडील रेल्वेत होते. कसाऱ्याहून गाडी वर चढवायला मागून बँकर इंजिनं लावतात ना, त्यावर ड्रायव्हर. तो चढ १ ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. घरी परत आलो आणि त्यांना सगळं सांगितलं. बायको सांगू नका म्हणत होती, पण मला सांगावंसं वाटलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललं होतंस?" मी गप्प. मग म्हणाले, "आमची गाडी इगतपुरीला उभी करून ब्रेक तपासल्याशिवाय खाली सोडत नव्हते. आणि तरीही घाटात कॅच सायडिंग बांधलेली आहे." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले. कॅच सायडिंग म्हणजे ब्रेक गेलेली गाडी वळवून चढावर नेऊन थांबवायची आडलाइन. वडिलांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

झालं काय होतं, ते सांगतो, कारण हे फार थोड्या लोकांना नीट माहीत असतं. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. सरांनी शिकवलेलं सूत्र, अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वेगाचा वर्ग, ही त्यातली मेख. ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात तर वेग वीस टक्के वाढला, पण ब्रेकला पचवायची ऊर्जा चव्वेचाळीस टक्के वाढली. आणि घाटात उतरताना त्यात उंचीची भर. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी अडीचशे-तीनशे मीटर खाली आणायची म्हणजे सपाट रस्त्यावर तिला ताशी १०० वरून सहा-सात वेळा पूर्ण थांबवण्याइतकी उष्णता. ती सगळी गिअरवर न घेता ब्रेकवर घेतली तर डिस्क, पॅड, कॅलिपर आणि शेवटी ब्रेक ऑइल तापतं.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावरच्या चाचणीत तो १५५ अंशांपर्यंत चालतो, आणि वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल त्याच्याही खाली जातं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. याच्या उलट पेडल कडक आहे, पाय पूर्ण जोरात आहे, पण गाडी थांबत नाही, तर समजा पॅड तापून गुळगुळीत झालेत. मऊ म्हणजे ऑइल, कडक म्हणजे पॅड. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे घरी घेऊन जा, कारण हे तुमच्या साध्या स्विफ्टलाही लागू आहे. आणि उताराला ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीच्या प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं, आपल्यालाच विसर पडतो.

त्या दिवसानंतर मी गॅरेजमध्ये एक वही केली. गाडी 'बनवायला' येणाऱ्या प्रत्येकाचं पान. वरून खाली काम, आणि वरचं झाल्याशिवाय खालचं नाही. पोरं तिला 'काकांचं हजेरीपुस्तक' म्हणतात.

वहीतलं पहिलं काम कुणालाच आवडत नाही, कारण त्यात नवं काही लागत नाही. गाडी आहे तशी निरोगी करायची. टर्बोचे होज फुगलेत का, क्लिप सैल आहेत का, कुठून हवा निसटते का. स्पार्क प्लग. इंजिनचे माउंट. कूलंट. आणि ऑइल, जे टर्बोच्या बाबतीत औषधासारखं आहे, नेमकं कंपनीने सांगितलेल्या प्रतीचं आणि वेळेवर. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, त्यात पिस्टन फुटू शकतो. नव्या प्रतीची ऑइलं हे लक्षात घेऊन बनवली आहेत. मी ओबीडीचा स्कॅनर लावून एक फेरी मारतो, एकलहऱ्याच्या रस्त्याने जाऊन येतो, आणि हवेचं तापमान, पेट्रोलची दुरुस्ती, नॉकिंगमुळे ठिणगी किती मागे घेतली जाते, हे आकडे लिहून घेतो. दहातल्या सात गाड्या इथेच अडतात. पोरगं म्हणतं, "काका, गाडी आता आधीपेक्षा छान पळते, काय केलंत?" काही नाही, फाटका होज बदलला. कंपनीने दिलेली ताकद परत आली. तू जी मागायला आलास त्यातली थोडी तर तुझ्याकडे आधीच होती.

मग टायर. इथे मी फार बोलतो असं बायकोचं मत आहे. पण गाडीचा आणि रस्त्याचा संबंध चार तळहातांएवढ्या रबराचा आहे. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं त्या चार तळहातांतून जातं. मॅपवर जेवढे पैसे जातात साधारण तेवढ्यात चार चांगले टायर येतात, आणि गाडी वळण्यात, थांबण्यात, पावसात, सगळीकडे सुधारते. मॅपने ती फक्त सरळ रस्त्यावर सुधारते. तरी पोरं टायर कंपनीच्या साइजपेक्षा दोन नंबर रुंद आणि रिम मोठी, जड घेतात. जड चाक म्हणजे सस्पेंशनच्या खाली लटकलेलं ओझं, ते वेग घेताना आड येतं, ब्रेकलाही आड येतं, आणि खड्ड्यात रिम वाकते. जेल रोडच्या खड्ड्यांचं मी काय सांगणार, तुम्ही तिथूनच आलात.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून हा विषय हौसेचा राहिलेला नाही. गाड्यांना ताशी १२० ची परवानगी, सिमेंटचा रस्ता, एप्रिलचं ऊन. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजू सतत मुडपते आणि आतून तापते. रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा आरटीओची माणसं प्रवेशाच्या ठिकाणी उभी राहून टायर तपासायला लागली. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर असायला हवी, पण पावसात मला ती तीनच्या खाली गेलेली आवडत नाही.

टायरनंतर ब्रेक. सुरुवातीला मोठ्या डिस्क वगैरे काही नाही. ताजं ऑइल, चांगले पॅड, साफ केलेले आणि मोकळे हलणारे कॅलिपर. एवढ्यावर रस्त्यावरच्या गाडीचं नव्वद टक्के काम भागतं. लाल रंगाचे मोठे कॅलिपर दिसायला छान असतात, आणि कधी कधी तो फक्त रंगच असतो, तेही मी पाहिलंय. मग सस्पेंशन. गळलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर, फाटलेले बुश, अलाइनमेंट. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणाऱ्यांना मी परत पाठवतो, वही उघडतच नाही.

हे मी माझ्या डोक्याने काढलेलं शहाणपण नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या हेच करतात, फक्त आपण माहितीपत्रकात ताकदीचा आकडा वाचून थांबतो. आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून २०१० पासून लिनिया टी-जेट नावाची गाडी निघायची, १.४ लिटरचं टर्बो इंजिन, ११४ पीएस. तिथूनच ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. त्याच १.४ टी-जेट घराण्याचं इंजिन, आता १४५ पीएस, आणि किंमत दहा लाखांच्या आत. सगळीकडे १४५ ची चर्चा. पण साध्या पुंटोला मागे ड्रम ब्रेक होते, अबार्थला चारही चाकांना डिस्क. सस्पेंशन कडक केलं, गाडी खाली बसवली, १६ इंची चाकं दिली. म्हणजे ताकद वाढवताना त्यांनी ती धरून ठेवायची आणि थांबवायची सोय सोबतच केली. ती गाडी आता बनत नाही, पण नाशिकमध्ये काही लोकांनी जिवापाड जपल्या आहेत, त्यातल्या दोन माझ्याकडे येतात. आल्या की मी उगाच एक दिवस जास्त ठेवून घेतो.

घरचं उदाहरण हवं तर आपल्या नाशिकचं महिंद्र. एक्सयूव्ही ३०० इथेच बनायची. तिचं पहिलं टर्बो पेट्रोल इंजिन ११० पीएसचं. २०२२ मध्ये तिला १३० पीएसचं इंजिन दिलं, तेव्हा नुसता मॅप बदलला नाही, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी नवी व्यवस्था असलेलं दुसरंच इंजिन बसवलं. सिलिंडरच्या आत फवारलेलं पेट्रोल तिथली हवा थंड करतं, त्यामुळे नॉकिंग न होता जास्त दाब देता येतो. वीस पीएससाठी एवढा खटाटोप. आणि आमचं पोरगं म्हणतं, तासाभरात तीस द्या.

तीस मिळतात, नाही असं नाही. पण ते तीस कुणाच्या तरी वाट्याचे काढलेले असतात. कंपनीने राखून ठेवलेली सवलत असते ती. खराब पेट्रोल मिळालं तर, मे महिन्यात मालेगावला गाडी उभ्याने तापली तर, क्लच झिजत आला तर, या सगळ्यासाठी राखून ठेवलेली. म्हणून वहीत मॅपच्या आधी दोन ओळी आहेत, उष्णता आणि क्लच. बिटकोच्या सिग्नलला उन्हाळ्यात गाडी पाच मिनिटं उभी राहिली की इंटरकूलर इंजिनच्या धगीने तापतो, सुटल्यावर आत जाणारी हवा गरम, कॉम्प्युटर घाबरून ठिणगी मागे घेतो, आणि वाढवलेली ताकद नेमकी तेव्हाच गायब. अशा वेळी मोठा इंटरकूलर मॅपपेक्षा जास्त देतो. पेट्रोलचं म्हणाल तर जो मॅप ९५ किंवा १०० ऑक्टेनवर लिहिलाय, तो ९१ वर चालवणं म्हणजे इंजिनाशी वैर. गावाकडे जाताना कुठला पंप लागेल ते आपल्या हातात नसतं. मी नेहमी सौम्य मॅप सुचवतो, त्यामुळे माझं गिऱ्हाईक पुण्याला जातं. जाऊ दे.

आता क्लचची गोष्ट, कारण त्या गोष्टीतला मुलगा मागच्या रांगेत बसला आहे. आपल्या वर्गातल्या एकीचा मुलगा, नाव नाही घेत. तिने मला फोन केला होता, "तू समजाव, माझं ऐकत नाही." इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, चाकणला बनलेली जुनी पोलो जीटी टीएसआय, १०५ पीएस, सात गिअरचा ऑटोमॅटिक. त्याला स्टेज टू हवं होतं. मी टायर पाहिले, नऊ वर्षांचे. नक्षी भरपूर, रबर मात्र पाटीसारखं कडक. मी म्हटलं, आधी हे. तो म्हणाला, "नक्षी तर आहे." मग मी त्याला गिअरबॉक्सचं सांगितलं. त्या गाडीच्या ड्राय क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे. कंपनी इंजिनातून १७५ काढते. साधा मॅप भरला की ते २२०-२३० ला जातं. म्हणजे मधली पंचाहत्तरची मोकळीक वीस-तीसवर आली. स्टेज टूमध्ये तीही संपली. मग गंगापूर रोडच्या गर्दीत रांगत जाताना तो क्लच जळतो, पळताना नव्हे. बिल किती, ते मी त्याला कागदावर लिहून दिलं. कागद खिशात घालून गेला, रागानेच.

दोन आठवड्यांनी आला. टायर आणि ब्रेक ऑइल करून घेतलं. मी विचारलं नाही, काय झालं म्हणून. त्यानेच सांगितलं, पहिल्या पावसात द्वारकाच्या पुलाखाली गाडी सरकली, कुणाला लागलं नाही. आता दर रविवारी गॅरेजवर येतो, ब्रेक ब्लीड करायला शिकलाय. मॅपचं अजून विचारतो. पुढच्या महिन्यात सौम्य मॅप करणार आहोत, मी शब्द दिलाय. मुलाच्या आईने माझ्याकडे असं बघू नये. तिला वाटलं होतं मी त्याचा नाद सोडवेन. नाद मी कसा सोडवणार, मला स्वतःला सुटला नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकात लिहिलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं, फाडफाड आवाजाचा सायलेन्सर, हे मी करत नाही. माझा तो २०१९ चा सायलेन्सर मीच काढून भंगारात दिला. आणि मॅप केला तर विमा कंपनीला लेखी कळवा, हे मी गिऱ्हाइकाकडून सही घेऊन सांगतो. विम्यात काम करणारी आपली मैत्रीण मान हलवते आहे. न कळवलेला बदल सापडला की दावा फेटाळायला कारण मिळतं, हे तिनेच मला शिकवलं. ज्यांना खरंच पूर्ण जोरात पळवायचं आहे त्यांनी कोइंबतूर-चेन्नईच्या ट्रॅकवर जावं, रॅलीत उतरावं. आपल्या नाशिकला रॅलीची परंपरा आहे. आणि रॅलीला गाडी तपासायला उभी राहते तेव्हा तपासणारा आधी काय बघतो? रोल केज, सीट, पट्टे, अग्निशामक.

एकाने मघाशी विचारलं, दोन लाख असतील तर काय करू? माझ्या वहीतला आजवरचा अनुभव सांगतो : निम्म्याहून जास्त पैसे निरोगी करणं, टायर, ब्रेक आणि सस्पेंशन यांतच जातात. उरलेल्यात इंटरकूलर आणि सौम्य मॅप. मोठा टर्बो त्यात बसत नाही. मोठा टर्बो म्हणजे मोठे इंजेक्टर, पेट्रोल पंप, क्लच, कधी पिस्टनसुद्धा, त्या रकमेत दुसरी गाडी येते. आणि थोडे पैसे हातात ठेवा, कारण गाडी उघडली की काहीतरी निघतंच. घराच्या दुरुस्तीसारखंच आहे ते.

मुलगी आता मुंबईत नोकरी करते. ठाण्याच्या त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, हे मी तिला गेल्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं, बाबा. तुमचा हात थरथरत होता." मग विचारलं, "ते ऑइल आता कधी बदललंत?" वडिलांचाच प्रश्न. या वेळी मला तारीख सांगता आली.

जेवणाला अजून पंधरा मिनिटं आहेत असं संयोजक खुणावतायत. आपल्या सगळ्यांच्या गाड्या मैदानात, पूर्वी कबड्डीचा पट्टा होता तिथे उभ्या आहेत. टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. चला, बाहेर जाऊन बघू. सर, तुमच्या गाडीपासून सुरुवात करतो, मी सकाळीच पाहून ठेवलीय.